कडी लावून

टब लिफ्टमध्ये मावत नाही हे दुकानात कुणी बोललं नव्हतं. लिफ्टच्या दाराशी आल्यावर ते बोलायची गरज उरली नाही. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला तो ऐवज दोघा हमालांनी जिन्याने वर आणला आणि तिसरा पुढे चालत ‘उचल’, ‘वळव’, ‘कठडा बघ’ करत राहिला. दर मजल्यावर दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, “टाकी बदलताय?” हमालानेच परस्पर सांगून टाकलं, “टब आहे. आंघोळीचा.” आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात खडकवासला धरणाचा साठा होता, गुरुवारचं बंद पाणी होतं, आणि साठीला टेकलेल्या बाईला हे सुचलं कुठून, हेही होतं.

पुण्यात घरी टब बसवायचा तर त्याचा काहीतरी उपयोग सांगावा लागतो. बहुतेकांनी तो माझ्या वतीने आपणहून ठरवून टाकला : पाणी साठवायला बरा. जावेने हळूच विचारलं, “कंबर धरलीय का गं? डॉक्टरांनी सांगितलंय?” डॉक्टरांनी सांगितलं असतं तर कुणाचीच हरकत नव्हती. दुखण्यापायी आपल्याकडे काहीही चालतं. ‘मला त्यात नुसतं पडून राहायचंय’ हे उत्तर मात्र कुणाच्या पचनी पडेना. समोरची बाई जरा थांबायची, आता खरं कारण येईल म्हणून.

आमच्या घरी हिशेब नवऱ्याकडे. त्याने कागद घेतला. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं आंघोळीला ५५. हे भारतीय मानकात लिहिलेलं आहे. टब वरच्या भोकापर्यंत भरला तर दीडशे लिटर. म्हणजे एका बैठकीत जवळजवळ तिघांची आंघोळ. मी म्हटलं, मी आत बसले की माझ्या आकाराचं पाणी त्यातून वजा कर की. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक माणसाला हेच सुचलं तर तो नागवा रस्त्याने धावत सुटला म्हणतात. मी फक्त कागद पुढे सरकवला. वजाबाकी केल्यावर नव्वद-शंभर लिटर उरले. मुलगा सुट्टीत घरी येतो तेव्हा शॉवरखाली पंधरा मिनिटं उभा राहतो. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो. त्या पाण्याचा कागद आमच्या घरी कधी निघाला नव्हता. हे मी बोलून दाखवलं. कागद उलटा झाला आणि मागच्या बाजूला गरम पाण्याचा हिशेब सुरू झाला.

तो हिशेब मात्र खरा निघाला, हे कबूल करायला हवं. गीझर पंचवीस लिटरचा. थंडीत नळाचं पाणी वीस अंशांचं, गीझरमधलं साठ अंशांचं. अंगाला सोसेल असं चाळीस अंशांचं पाणी करायचं तर निम्मं निम्मं घालावं लागतं. म्हणजे कढत पाणीच पन्नास लिटर, गीझर दोनदा तापायला हवा, आणि दुसरा तापेपर्यंत पहिलं निवणार. गच्चीवर सोलर आहे, पण सकाळी आठनंतर त्यातून येतं ते पाणी कोमटही नसतं, कारण वरच्या मजल्यांनी ते आधीच खेचलेलं असतं. यावर तोडगा मीच काढला : दुपारी तीन वाजता. त्या वेळी सोलरचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं आणि कुणीही आंघोळ करत नसतं. “दुपारी तीनला कोण आंघोळ करतं?” नवरा म्हणाला. तेच तर.

त्याला पुस्तकी दाखले द्यायचीही सवय आहे. फ्रेंच राज्यक्रांतीतला मारा टबातच मारला गेला, हे त्याने जेवताना ऐकवलं. गोष्ट खरी आहे. झाँ-पॉल माराला कातडीचा असह्य विकार होता. पाण्यात बसलं की आग कमी व्हायची, म्हणून तो तासन्‌तास टबात बसायचा आणि आडव्या फळीवर कागद ठेवून लिहायचा. १३ जुलै १७९३ला शार्लोट कोर्दे त्याच्याकडे आली, विरोधकांची नावं सांगते म्हणाली, आणि तिने त्याच्या छातीत सुरा खुपसला. दाविदने काढलेलं ते चित्र सगळ्या जगाला ठाऊक आहे. मला त्या गोष्टीत टबाचा काही दोष दिसत नाही. टबात बसून काम करायचं आणि वर आल्यागेल्याला आत बोलवायचं, याला काय म्हणावं? कडी लावली असती तर माणूस वाचला असता.

सासूबाई पंच्याऐंशीच्या पुढच्या. टबाची बातमी ऐकून त्यांनी हातातली वात वळून पूर्ण केली आणि म्हणाल्या, “आडवं पडून आंघोळ? ती शेवटी घालतातच की.”

हसून झाल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण त्यात तिरकसपणा कमी आणि हिशेब जास्त होता. आपल्याकडे माणूस आडवा होऊन न्हातो तो दोन टोकांना. सुरुवातीला, न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या लांब केलेल्या पायांवर; आणि अखेरीला, चार जणांच्या हातांनी. मधली सगळी वर्षं बसून, तीही उकिडवं किंवा पाटावर, गुडघे छातीशी घेऊन, एका हातात तांब्या आणि डोळे साबणाने मिटलेले. दिवाळीला पहाटे तेल-उटणं लागतं, पण तेव्हाही मागे रांग असते आणि फटाके वाट बघत असतात. बाईच्या वाट्याला मध्ये एक सवलत येते. बाळंतपणात सव्वा महिना तिला कुणीतरी तेल लावतं, कढत पाणी घालतं, बाजेवर निजवून खालून शेगडीचा शेक आणि ओवा-शेपांची धुरी देतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्या धुरीने ठसका लागायचा आणि पाणी अंगाला पोळायचं. तरीही पुढे कितीतरी वर्षं मला ते आठवत राहिलं. बाळाचे पहिले दिवस जेवढे स्पष्ट आठवतात, तेवढंच ते बाजेवर पडून राहणंही. त्या सव्वा महिन्यात ‘उठ’ असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

माझं माहेर पेठेतल्या वाड्यात. न्हाणी एक, जिन्याखाली, सात बिऱ्हाडांत मिळून. पत्र्याचं दार, खाली वीतभर फट. बाहेर तांब्याचा बंब धगधगत असायचा आणि त्यात ढलप्या टाकण्याच्या पाळ्यांवरून भांडणं व्हायची. आंघोळीचा क्रम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो पंचांगाइतका पक्का होता : आधी कचेरीला जाणारे पुरुष, मग शाळेची मुलं, मग म्हातारी माणसं. बायका एकतर पहाटे पाचच्या आत नाहीतर सगळं उरकल्यावर, धुण्याच्या बादल्यांसोबत. आईची आंघोळ म्हणजे मला बाहेरून ऐकू येणारे तीन-चार तांबे. पाचवा तांब्या मी कधी ऐकला नाही. त्या एवढ्याशा जागेत लुगडं ओलं होऊ न देता नेसायचं, म्हणून ती अंग नीट टिपायची नाही. तिच्या पोलक्याची पाठ कायम ओली असायची. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, लग्नाकार्यात. मला वाटायचं, आयांच्या पाठी ओल्याच असतात.

नागव्याने स्नान करू नये असं मनुस्मृतीत सांगितलेलं आहे. ते ब्राह्मणाच्या आचाराबद्दल आहे आणि नदी-तळ्याच्या काळातलं आहे, हे खरं. पण पेठेतल्या, सांगलीतल्या, गिरगावच्या चाळीतल्या बायका स्मृती न वाचताच ते पाळत आल्या, कारण दाराला फट होती. चाळीत तर दारही नसायचं. स्वयंपाकाच्या खोलीत कोपऱ्यात मोरी, तिच्यापुढे दोरीवर जुनं लुगडं, आणि पलीकडे कुणीतरी चहा गाळत असायचं.

वाड्याच्या मागच्या चौकात हौद होता. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरात पाणी आणलं. शहरातले हौद त्या पाण्यावर भरायचे आणि त्यांची नावं अजून पत्त्यांमध्ये आहेत. आमच्या हौदात महापालिकेचं पाणी असायचं, पण त्याचा कायदा पेशवाईतलाच : हौदातून पाणी काढायचं, हौदात उतरायचं नाही. उन्हाळ्याच्या दुपारी त्याच्या काठावर पोट टेकून मी हात कोपरापर्यंत आत घालायची आणि तेवढ्यात कुठल्या तरी खिडकीतून माझं नाव ऐकू यायचं.

पाण्यात गळ्यापर्यंत पहिल्यांदा बसले ते वज्रेश्वरीला. देवीचं दर्शन झालं आणि आत्या आम्हाला जवळच्या अकलोलीला, तानसेच्या काठच्या गरम कुंडांवर घेऊन गेली. गंधकाचा वास, निसरड्या पायऱ्या, अंगावर परकर-पोलकं तसंच. तिथे अनोळखी बायका एकमेकींशी न बोलता डोळे मिटून बसल्या होत्या. विचारलं तर, संधिवाताला बरं म्हणून आलोय, असं सांगत. आत्याला संधिवात नव्हता. तीही उठेना.

तर न्हाणी फोडायचं ठरलं. मूळ निमित्त टबाचं नव्हतंच. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओलीचा पिवळट डाग धरला होता आणि तो वाढत होता. मजल्यांमधून गळणाऱ्या पाण्याचं पुण्यातल्या सोसायट्यांत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आधी जिन्यात बोलणं बंद होतं, मग पत्र येतं, मग वकील. आतल्या नळांची, न्हाणीची गळती ज्याच्या घरातली त्यानेच निस्तरायची, असं सोसायटीच्या उपविधीत आहेच. काकूंनी पत्र धाडलं नाही. त्या वर आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, “तुझी न्हाणी माझ्या न्हाणीत येतेय गं.”

फोडल्यावर कळलं की आपण इतकी वर्षं कशावर उभे होतो. न्हाणीचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा फूटभर खाली ढाळलेला असतो, पाईप जायला जागा हवी म्हणून. आणि तो खड्डा जुन्या बांधकामात विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरतात. आमचा कोबा पार ओला निघाला. गंजून चाळणी झालेला लोखंडी पाईप, न्हाणी ट्रॅपमध्ये केसांचा बोळा आणि शाम्पूच्या पुड्या, आणि ज्याला नाव देता येत नाही असा वास. गोण्यांमागून गोण्या राडारोडा जिन्याने खाली गेला. दुपारी एक ते चार हातोडा बंद, ही सोसायटीची अट. त्या तीन तासांत गवंडी आमच्या गॅलरीत गाढ झोपायचे आणि त्यांचा मला हेवा वाटायचा.

नवऱ्याला वजनाची धास्ती होती. इंजिनिअर आला आणि त्याने ती दोन मिनिटांत काढून टाकली. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. टब, पाणी आणि मी मिळून फार तर सव्वादोनशे, तेही चौरस मीटरभराहून थोड्या जास्त जागेत. आणि खालून काढलेला फूटभर ओला कोबा? तो चौरस मीटरला पाचशे किलोंच्या वर. त्याच्या जागी हलकी भर घातली की स्लॅबवरचं ओझं उलट कमीच होणार. “मॅडम, तुमचा टब राहू द्या, हा कोबाच घालवायला हवा होता,” तो म्हणाला. नवऱ्याने हा कागद जपून ठेवला आहे.

मग वॉटरप्रूफिंग. मोहेंजोदडोचं महास्नानगृह साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल. विटा जिप्समच्या गिलाव्यात घट्ट बसवलेल्या आणि मागून डांबराचा थर. चार हजार वर्षांहून जुनं काम. ज्यांनी ते केलं त्यांची लिपी आपल्याला वाचता येत नाही, पण पाणी कुठून निसटतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं : कोपऱ्यातून. आमचा मिस्त्री तेच सांगत होता. रसायनाचे दोन हात सपाट जागी कुणीही मारतो, खरी कसोटी भिंत आणि जमीन भेटते तिथल्या गोलाईची. त्याने ती बोटांनी घोटून घेतली, थापीने नाही. कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी लिहून दिली, बिलाच्या मागच्या बाजूला. मग पाणी भरून ठेवलं आणि खाली काकू मान वर करून रोज छत बघत राहिल्या. डाग वाढला नाही.

टब बसवण्याचं काम मी दारात स्टुलावर बसून पाहिलं. मिस्त्रीकडे लेझर होता, पण विश्वास लेव्हल नळीवर. पारदर्शक नळीत पाणी भरून दोघे दोन टोकांना उभे राहिले. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं की भिंतीवर पेन्सिलची खूण. टबाचा काठ अगदी समपातळीत हवा, कारण उतार त्याच्या पोटात आधीच दिलेला असतो. काठ कलला तर एका कोपऱ्यात पाणी कायमचं उभं राहतं. पाय फिरवून उंची जुळवली, पोटाखाली सिमेंट-रेतीची गादी घातली, नाहीतर ॲक्रिलिक पायाखाली लवतं आणि करकरतं. टबाच्या काठावर फरशी आली, काठ फरशीवर नाही. पुढच्या फळीत एक छोटं दार ठेवलं, उद्या ट्रॅप तुंबला तर हात जाण्यापुरतं. तेवढ्यासाठी मी त्याला मनातून शंभर गुण दिले. जे काम पुढे बिघडणार आहे त्याला दार ठेवणारे कारागीर फार थोडे.

शेवटी काठाभोवती सिलिकॉन. ते रिकाम्या टबाला भरत नाहीत. पाणी आणि माणूस आत गेले की टब केसभर खाली बसतो, आणि रिकामा असताना भरलेला सांधा पहिल्याच आंघोळीला फाटतो. म्हणून आधी टब पाण्याने भरायचा, वजन द्यायचं, मग सांधा भरायचा. “पाणी भरलंय ताई, पण अजून वजन लागेल,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने नवऱ्याकडे पाहिलं. त्यामुळे टबात पहिला उतरला तो ज्याने तो नको म्हणून कागद काढला होता तो, अर्ध्या चड्डीत, गार पाण्यात, दात वाजवत, दोन्ही हात वर धरून. मिस्त्री त्याच्याभोवती बंदुकीने पांढरी रेघ ओढत फिरला. सासूबाई काठी टेकत येऊन बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत.

त्या स्वतः टबाच्या वाटेला जात नाहीत, आणि जाऊही नये. पंच्याऐंशीच्या गुडघ्यांनी दीड फूट काठ ओलांडणं म्हणजे दवाखान्याचं आमंत्रण. त्यांच्यासाठी उरलेल्या जागेत स्टूल, बादली, तांब्या आणि भिंतीला धरायला दांडा आहे. तो दांडा टबापेक्षा जास्त विचार करून बसवला. हे मी टबाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

गुरुवारी पाणी बंद असलं की टब कोरडा. इतर दिवशीही रोज नाही. आठवड्यातून एखादी दुपार, सोलर तापलेला असताना. वापरलेलं पाणी बादल्यांनी काढून संडासाला आणि पुसायला जातं, म्हणजे नवऱ्याच्या कागदावरही ते पूर्ण वाया नाही. आत मी काही करत नाही. पुस्तक नेलं होतं, ते भिजलं. फोन बाहेर. बाहेर बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, कुणीतरी ‘कात्री कुठंय’ म्हणतं. कात्री जिथे असते तिथेच असते.

रंग वाळल्यावर काकू वर आल्या. छताच्या डागावर त्यांनीही रंग मारून घेतला होता, ते सांगायला. न्हाणीत शिरल्या, टबाचा काठ वितीने मोजला.

“आमची न्हाणी तुझ्या बरोब्बर खाली. म्हणजे माप तेच.”

“तेच.”

“किती वेळ बसतेस यात?”

“तासभर.”

“तासभर कुणी हाक मारत नाही?”

“मारतात की.”

“मग?”

“ओ देत नाही.”

काकूंनी मिस्त्रीचा नंबर घेतला, पदराने चष्मा पुसून तो पुन्हा वाचून पाहिला. जाताना दाराशी थांबल्या आणि कडी आतून लावून, काढून, परत लावून पाहिली.

“ही पितळेची ना? आमच्याकडे खटका आहे. बाहेरून नाणं घालून फिरवलं की उघडतो. हे फिरवतात.”